सपाट यादीतली मोठी आई

यवतमाळच्या एका महाविद्यालयात मी पहिल्या वर्षाच्या मुलांना पायथन ही संगणकाची भाषा शिकवते. दुसऱ्या सत्रात यादीच्या पोटातली यादी उघडण्याचा भाग येतो. फळ्यावर मी एक चौकोनी कंस काढते. त्यात दोन आकडे, एक शब्द, मग आणखी एक कंस, त्याच्या आत आणखी एक. मुलांनी आतले सगळे कंस काढून टाकायचे आणि सगळ्या वस्तू एका रांगेत मांडायच्या. याला यादी सपाट करणं म्हणतात. मुलांना हे आवडतं. सपाट यादी नीटनेटकी दिसते, मोजता येते, क्रमाने लावता येते. कोण कोणाच्या आत होतं हे मात्र नंतर कळत नाही. हे शेवटचं वाक्य मी पूर्वी वर्गात सांगत नसे, कारण त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही.

आई गेली तेव्हा हाच भाग चालू होता. उरलेला एका सहकाऱ्याने घेतला आणि मी गावी गेले.

आमचं गाव कळंबच्या पुढे, डांबरी रस्त्यापासून थोडं आत आहे. आमचं घर आणि मोठ्या आईचं घर एकाच अंगणात, समोरासमोर. मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. तिची दोन्ही मुलं पुण्याला असतात. ती तिथे एकदा राहून आली आणि परत गेली नाही. पुण्यात कोणी हाक मारत नाही, बेल वाजवतात, असं तिचं म्हणणं.

आई आणि ती या दोन जावांनी कितीतरी वर्षं एका चुलीवर रांधलं. मग चुली वेगळ्या झाल्या. भांडण झालं नव्हतं. घरात माणसं वाढली, तवा तोच राहिला, आणि एका सकाळी मोठ्या आईने आपल्या ओसरीत विटा मांडल्या. त्या चुलीला लिंपायची माती आईनेच कालवून दिली. नंतर गॅस आले, तरी आमच्याकडे घर मोजायचं ते चुलीवरूनच. सरकारी कागदावर आम्ही दोन कुटुंबं होतो. आई मोठ्या आईच्या डब्यातली साखर न विचारता घेत असे, हे कागदावर नव्हतं.

माणूस गेलं की काही दिवस त्या घरची चूल पेटत नाही. शेजारी, सोयरे जेवण आणतात. आमच्याकडे कोणाला आणू दिलं नाही. मोठ्या आईने पहिल्याच दिवशी पातेली काढली. शास्त्राप्रमाणे सुतक तिलाही होतं. कोणीतरी तसं सुचवून पाहिलं.

"सुतक मले हाये," ती म्हणाली, "चुलीले नाई."

सकाळ-संध्याकाळ ती अंगण ओलांडून यायची. येताना जेवण आणायची, जाताना आमची उष्टी भांडी घेऊन जायची, आणि मधल्या वेळात वहिनीला ओरडायची. वहिनी म्हणजे माझ्या भावाची बायको. या घरातली बाई म्हणून आता तीच होती, आणि तिला दिवसभर रडायचं की पाहुण्यांना चहा करायचा हे ठरवता येत नव्हतं. "रडाचं तं रड ना व," मोठी आई म्हणायची, "पण आधी दूध खाली उतरव."

बाबा ओसरीतल्या खाटेवर बसून असत. तेरवी, म्हणजे तेराव्या दिवसाचं जेवण, जवळ आली तसं त्यांनी मला बोलावलं.

"कागद घे."

मी लॅपटॉप घेतला. कॉलेजचा होता, सोबत आला होता. टाइप करणाऱ्या माणसाच्या गळ्यात पडून कोणी रडत नाही, हे मला तोवर कळलं होतं.

तेरवीचं आवतन कोणाला द्यायचं हे आजवर आई सांगत असे, गावातल्या दुसऱ्यांच्या घरचंसुद्धा. लग्न असो की तेरवी, लोक तिच्याकडे येऊन विचारायचे. कारण आवतन एकसारखं नसतं. काही घरांना चूलबंद असतं. म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटणार नाही, म्हातारीपासून पोरासोरांपर्यंत सगळे आपल्याकडे जेवतील. काही घरांना घरटी एक. तिथून एकच माणूस येतो आणि त्यात कमीपणा नसतो. चूलबंद द्यायच्या घराला घरटी एक दिलं तर मात्र ते घर वर्षभर लक्षात ठेवतं. हे सगळं आईला पाठ होतं. बाबांना तिच्याइतकं नव्हतं, म्हणून ते डोळे मिटून हळूहळू सांगत होते.

"आधी अंगण लिही."

अंगण म्हणजे बाबा, भाऊ, वहिनी आणि मोठी आई. "हे वाढणारे," बाबा म्हणाले. "पण जेवाचं पान यायलेही लागन."

मी कंस उघडला, चार नावं घातली, कंस बंद केला.

मग आमची गल्ली. तिथे प्रत्येक घर चूलबंद, म्हणून प्रत्येक घराचा वेगळा कंस, आणि सगळ्या घरांना धरून गल्लीचा एक. मग वरची आळी, घरटी एक. तिथे नुसती नावं. नाल्यापलीकडचा तांडा आला. त्या लोकांचे पूर्वज बैलांवर माल लादून मुलूखभर फिरत, आता कापूस आणि तूर करतात. तांड्याची माणसं मोजायला मी बोटं सरसावली तर बाबा म्हणाले, "एकच नाव लिही, नायकाचं. नायकाले सांगतलं म्हणजे तांड्याले सांगतलं." मी तांड्याचा कंस केला, आत एक नाव. कळंबचे मामा, चूलबंद. फुलसावंगीची मावशी, एकटी; तिच्या घरचे नाहीत. त्याचं कारण बाबांनी सांगितलं नाही. पांढरकवड्याचे चाचा, ज्यांनी आमच्या विहिरीवरची मोटर आजवर जिवंत ठेवली, तेही एकटे, कंसाशिवाय.

"ते काय चौकटी टाकून राह्यली तू?"

"घरं आहेत, बाबा."

"बरं."

गल्लीच्या टोकाला एक घर बंद आहे. तिथली म्हातारी वारली, मुलगा सुरतेला गेला, त्याचा पत्ता कोणाकडे नाही. बाबांनी तेही घर सांगितलं.

"त्यात कोणीच नाही आता."

"नसू दे. घर हाये ना?"

मी कंस उघडला आणि काही न लिहिता बंद केला. पायथनला रिकामी यादी चालते. बाबांनाही चालत होती.

"आता तुह्या सासरचे."

दारव्हा. कंस. सासरे, सासू, नवरा, आणि सवयीने चौथं नाव माझं.

एवढं झाल्यावर बाबा थांबले. मी हात की-बोर्डवर ठेवून बसले.

"आईचं पान तुही मोठी आई वाढन," ते म्हणाले. "हे लिहाचं नाई."

तेरवीला पंगत बसण्याआधी गेलेल्या माणसाचं पान वाढून ठेवतात. आमच्या घरची रीत अशी, की बाई गेली तर जिने तिच्यासोबत एका चुलीवर रांधलं ती तिचं पान वाढते. आजीचं पान आईने आणि मोठ्या आईने मिळून वाढलं होतं. आता आईचं वाढायला एकच हात उरला होता. बाबांना तेरवीबद्दल बाकी कशाची फारशी काळजी दिसत नव्हती. जेवणात काय करायचं हे भावाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, काहीही कर. पानाचं मात्र ते त्या दिवसांत मला तीनचारदा बोलले.

मी लिहिलं नाही. लिहायचं नव्हतंच.

भाऊ यवतमाळहून आचारी ठरवून आला. आचाऱ्याला माणसं किती ते हवं होतं. शिवाय भावाचं म्हणणं पडलं की आता दारोदार कोण फिरतं, सगळे मेसेजच पाठवतात, तुझ्याकडे यादी आहेच, एका झटक्यात पाठवून दे. मला ते सोयीचं वाटलं. मोजायला आणि पाठवायला, दोन्हीला यादी सपाट लागते.

पहिल्यांदा मी सोपा मार्ग घेतला. यादीतली प्रत्येक वस्तू उघडायची आणि आतलं बाहेर ठेवायचं. घरं नीट उघडली. पण चाचांसारखी माणसं, जी एकटी होती, तीसुद्धा उघडली गेली. संगणकाच्या दृष्टीने नाव हीसुद्धा एक यादीच असते, अक्षरांची. आणि देवनागरीत तो अक्षरावरही थांबत नाही, काना-मात्राही सुटी करतो. मावशी पडद्यावर उभ्या रांगेत पसरली. तिची वेलांटी एका ओळीवर एकटीच होती, ठिपक्यांच्या एका वर्तुळाला धरून. आधारासाठी अक्षर नसलं की तिथे ते वर्तुळ येतं.

मग मी नेहमीचा, वर्गात शिकवते तो मार्ग घेतला. प्रत्येक वस्तूला विचारायचं, तू उघडतेस का? उघडत असेल तर आत जाऊन तेच विचारायचं, तळ लागेपर्यंत. यातही नाव म्हणालं, मी उघडतो. अक्षर म्हणालं, मीही उघडतो. अक्षराच्या आत तेच अक्षर होतं. त्याच्या आत पुन्हा तेच. संगणक बराच खोल गेला आणि मग त्याने इंग्रजीत सांगितलं की याहून खोल जाता येत नाही.

ही चूक दरवर्षी मुलं करतात, आणि मी त्यांना सांगते की नावाला हात लावायचा नाही, फक्त यादी असेल तरच उघडा. ती एक अट मी घातली. यादी सपाट झाली. अंगण, गल्ली, आळी, तांडा, कळंब, दारव्हा, सगळे एकाखाली एक. रिकामं घर रिकामंच असल्याने त्याचं काहीच उरलं नाही. मी आचाऱ्यासाठी आकडा काढला, नावांना फोन नंबर जोडले, प्रत्येक नावापुढे श्री किंवा श्रीमती लागेल अशी सोय केली आणि मजकूर लिहिला. "आपण सहकुटुंब उपस्थित राहून आमच्या दुःखात सहभागी व्हावे." मजकूर मी दोनदा वाचला. त्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती.

पाठवल्यावर थोड्या वेळाने माझा फोन वाजला. श्रीमती लावून मला माझ्या आईच्या तेरवीचं आमंत्रण आलं होतं. खाली माझंच नाव होतं, विनीत म्हणून.

मी ते पाहत बसले. अंगणापलीकडेही एक फोन वाजल्याचा आवाज आला असणार. तेव्हा माझं तिकडे लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवण आलं, पण मोठी आई आली नाही. डबा आमच्या ओट्यावर ठेवलेला होता, स्वच्छ फडक्याने झाकून, शेजाऱ्याच्या घरी ठेवतात तसा. वहिनीने आत आणला. उष्टी भांडी कोणी नेली नाहीत. दुपारी वहिनीने ती स्वतः घासली आणि डबाही घासून, पुसून, त्यात थोडी साखर घालून परत केला, कारण रिकामा डबा परत करू नये असं तिला कोणी शिकवलं होतं. मोठ्या आईने साखर पाहिली असणार. संध्याकाळी डबा पुन्हा ओट्यावर होता.

"वहिनीचं काय झालं?" बाबांनी विचारलं. मोठ्या आईला ते वहिनी म्हणतात.

आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात नायकांचा फोन आला.

"बाई, मेसेज भेटला. वाचून लय वाईट वाटलं. आईनं आमाले कधी परकं नाई समजलं."

"हो, काका."

"एक विचारू का? राग नका मानू. यात मले एकट्यालेच बलावलं, का तांड्याले?"

"तांड्यालाच, काका."

"मंग तसं दिसत नाई ना त्यात. सहकुटुंब लिहेल हाये. म्हनजे मी आन माही बायको. इथं सगळे मले विचारून राह्यले, का नायक एकटाच बुंदी खाऊन येते का म्हनून."

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती घेतली, आचाऱ्यासाठी तांड्यातली माणसं किती ते सांगितलं, आणि तांड्याला सांगतो म्हणाले. फोन ठेवल्यावर मी सपाट यादी पुन्हा काढली आणि वरून वाचली. पहिलं नाव बाबांचं होतं. बाबांनाही आमंत्रण गेलं होतं. त्यांचा फोन चार्ज नव्हता म्हणून त्यांना कळलं नव्हतं. मग भाऊ, मग वहिनी. भावाने पाहून सोडून दिलं होतं. वहिनीला वाटलं होतं की मजकूर बरोबर आहे का ते पाहायला मी पाठवला. चौथं नाव मोठ्या आईचं होतं.

आमच्याकडे घरच्या माणसाला आवतन देत नाहीत. जे आवतन देणारे, त्यांना आवतन कसं द्यायचं? ज्याला दिलं तो बाहेरचा झाला. मी ज्या कंसात तिला घातलं होतं त्या कंसाचा अर्थच तो होता, हे वाढणारे. तो कंस मी काढून टाकला आणि तिला वरच्या आळीच्या घरटी एकवाल्यांच्या रांगेत उभं केलं. श्रीमती लावून.

बाबांना सांगितलं. 

"उद्या गावात फिर," ते म्हणाले. "तोंडानं सांग. ज्याले जसं सांगाचं तसं."

"मोठ्या आईला?"

"तिले सांगू नको. जितक्या बार सांगशील तितकी ते दूर जाईन."

"मग ती आलीच नाही तर?"

"येईन ते. पाहुनी म्हनून येईन." त्यांनी खाटेची सुटलेली पट्टी ओढून पाहिली. "पान कोण वाढन मंग?"

मी गल्लीत फिरले. प्रत्येक दारात उभं राहून चूलबंद म्हणाले. हा शब्द मी त्याआधी कधी मोठ्याने उच्चारला नव्हता, आणि पहिल्या दोन दारांत तो मी इतक्या हळू म्हटला की आतून विचारलं, काय बंद? गल्लीच्या टोकाच्या बंद घरापाशीही गेले. बाबांनी बजावलं होतं, कुलपाले सांगून ये. मी कुलपाला सांगितलं. शेजारच्या ओट्यावर एक बाई तूर पाखडत होती, तिने मान डोलावली, जणू तिथले निरोप तीच घेते.

परतताना मला मोठ्या आईच्या घरी न जाताही येता आलं असतं. मी गेलेच. आवतन द्यायचं नाही एवढंच बाबांनी सांगितलं होतं, जायचं नाही असं नाही.

ती ओसरीत पोळ्या लाटत होती. आमच्यासाठीच.

"या," ती म्हणाली.

तिने मला आजवर कधी या म्हटलं नव्हतं. मी बसले.

"मोठी आई, तो मेसेज चुकून आला."

"चुकून कसा? माहंच नाव हाये त्यावर. मी वाचून पाह्यलं. श्रीमती हाये समोर." पोळी तव्यावर टाकून ती म्हणाली, "उभ्या जन्मात मले कोणी श्रीमती नाई म्हनलं. तुह्या मोठ्या बाबानंही नाई. तू शिकली म्हनून मले हा मान भेटला."

"यादी मशीनने केली."

"हो का. मशिनीनं." पोळी उलटली. "सहकुटुंब लिहेल हाये. मी मांजराले विचारलं, येतं का बाप्पा तेरवीले. ते म्हने पाहीन."

मी माझा फोन काढून तिच्यापुढे धरला. तिने पिठाचा हात बाजूला ठेवून वाकून पाहिलं. अक्षरं लावायला तिला वेळ लागला.

"हे तं तुहं नाव होय."

"हो."

"तुले कोणं बलावलं?"

"मीच."

"तूनंच तुले बलावलं?"

"यादीत होते मी. सासरच्यांत."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिचे ओठ हलले, हसू होतं की काय होतं ते मला कळलं नाही. मग तव्यावरची पोळी करपायला लागली आणि तिने ती उचलली.

"बरं झालं," ती म्हणाली. "दोघी पाहुन्या आपुन. सोबत बसू पंगतीत. मी तं येईनच. बलावल्यावर नाई गेलं तं लोकं नाव ठेवतेत."

ती करपलेली पोळी तिने आमच्या डब्यात घातली नाही, बाजूला ठेवली. परक्या घरी करपलेली पोळी देत नाहीत. मी तीच मागून घेऊन खाल्ली. 

तेरवीच्या दिवशी अंगणात मांडव पडला. आचाऱ्याने घरामागे मोठ्या चुली खोदल्या होत्या. कळंबचे मामा आले, मावशी फुलसावंगीहून एकटी आली, दारव्ह्याहून माझे सासू-सासरे आणि नवरा आले. चाचा लवकरच आले आणि बाबांच्या खाटेशेजारी खुर्ची ओढून बसले. मोठी आई समोरच्या आपल्या घरातून निघाली, अंगणात पाऊल न टाकता मागच्या दाराने रस्त्यावर गेली, गल्ली फिरून आली आणि मांडवाच्या तोंडाशी उभी राहिली. धुतलेलं लुगडं होतं. हातात दुखवट्याच्या कापडाचा पुडा होता, दुकानातल्या कागदात गुंडाळलेला. सोयरे आणतात तसा. तिने तो बाबांपुढे ठेवला.

बाबांनी पुड्याकडे पाहिलं, हात लावला नाही.

"वहिनी," ते म्हणाले. 

"हाव," ती म्हणाली, आणि बायकांच्या पंगतीत जाऊन बसली. पंगत अजून भरायची होती. मी गेले आणि तिच्या शेजारी बसले. माझ्या सासूबाई दुरून पाहत होत्या. मुलगी आईच्या तेरवीला पंगतीत पाहुणी म्हणून आधी बसते, हे त्यांनी पाहिलं नसणार. मीही पाहिलं नव्हतं. पण बाहेर काढलेल्या दोघींपैकी एक उभी आणि एक बसलेली, हे मला बरोबर वाटत नव्हतं.

पत्रावळी आल्या. तांड्यातली माणसं आली, बायका, पोरं, म्हातारे, सगळे. नायक सर्वांत पुढे. पंगत भरली. द्रोण ठेवून झाले. पण वाढायला कोणी आलं नाही, कारण आईचं पान अजून वाढलं नव्हतं.

आचारी मांडवात आला. "पान कोन वाढते? भात निवून राह्यला."

भावाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मोठ्या आईकडे पाहिलं. मोठी आई समोरच्या रिकाम्या पत्रावळीकडे पाहत होती.  गावाला कोणाचं पान कोण वाढतं हे माहीत असतं, त्यामुळे सगळे एकाच बाईकडे पाहत होते आणि पाहत नाही असं दाखवत होते. मी काही बोलले तर ते आवतन झालं असतं. मी बोलले नाही.

शेवटी भाऊ वहिनीला म्हणाला, "तूच वाढ."

वहिनी पुढे झाली. तिने तुळशीसमोरच्या जागेवर पत्रावळ मांडली.  भात वाढला. त्यावर वरण घातलं, ते थोडं बाहेर सांडलं. पोळी ठेवली, तिच्यावर दुसरी पोळी ठेवली. मग आचाऱ्याच्या माणसाने पुढे केलेल्या बादलीत तिने पळी घातली आणि आलू-वांग्याची भाजी भरून पत्रावळीवर धरली.

"वांगं नको वाढू तिले!"

माझ्या कानाशीच हा आवाज आला. सगळी पंगत वळली.

"तोंडाले खाज सुटते तिच्या," मोठी आई म्हणाली. "एक फोड खाल्ली का ओठ सुजवून बसते. इतके वर्षं घरात राह्यली तू, दिसलं नाई तुले?"

वहिनीची पळी हवेतच राहिली. आता काही सुजणार नाही, असं कोणी म्हणालं नाही.

"मंग काय वाढू?" वहिनीने विचारलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"सर बाजूले."

मोठ्या आईने माझ्या खांद्यावर भार दिला, गुडघा टेकवला आणि उठली. भरलेल्या पंगतीतून न जेवता पाहुणा उठत नाही. उठला तर यजमानाचा अपमान असतो. ती दोन पत्रावळींमधून वाट काढत गेली, नेसूचा पदर खोचला आणि वहिनीने वाढलेली पत्रावळ उचलून बाजूला केली. नवी मागितली. भात वाढला आणि पळीने दाबून बसवला. वरणाला मध्ये खळगा केला. कढी द्रोणात, पत्रावळीबाहेर, कारण आईला भाताला कढी लागलेली चालत नसे. पोळी एकच घेतली, मोडून तिचे दोन तुकडे केले आणि ते एकमेकांवर न ठेवता शेजारी शेजारी ठेवले. हिरव्या मिरचीचा ठेचा मागितला. आचारी म्हणाला की ठेचा केला नाही.

"केला नाई कसा? तेरवी कोनाची हाये?"

ती आमच्या स्वयंपाकघरात गेली. आत खलबत्त्याचा आवाज आला. भात निवत होता, सगळे वाट पाहत होते, आचारी भावाकडे पाहत होता. बाबा खाटेवर ताठ बसले होते. ती बाहेर आली, बोटावर ठेचा घेऊन तो पत्रावळीच्या कडेला पुसला, पानाभोवती पाणी फिरवलं आणि सरळ उभी राहिली.

तेव्हा तिला मी दिसले, पंगतीत बसलेली.

"तू काहून बसली व?" ती म्हणाली. "पाहुनी हायेस का? इकडे कोनी पानी नाई वाढून राह्यलं आन हे पाय, पत्रावळ घेऊन बसली. ऊठ!"

मी उठले. तांब्या घेतला. बाबा उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "बसा. सावकाश होऊ द्या." वाढपी सुटले. मोठी आई वहिनीला सांगत होती की वरणाची बादली त्या टोकापासून सुरू कर, इकडून नाही, तिकडे म्हातारे बसलेत.

मी पाणी वाढत बायकांच्या रांगेने गेले. आम्ही दोघी जिथे बसलो होतो तिथवर आले तेव्हा तिथल्या दोन्ही पत्रावळी कोऱ्याच होत्या. नायकांच्या बायकोने पलीकडून विचारलं, इथं कोणी बसून हाये का, बाई. मी नाही म्हटलं. तिने मागे उभ्या असलेल्या आपल्या दोन नातींना पुढे घेतलं आणि तिथे बसवलं. मी त्यांच्या द्रोणांत पाणी ओतलं आणि पुढे गेले.